रविवारची अ‍ॅनिमेशन कार्यशाळा : पालकांना आठवण

सर्व सभासदांना नमस्कार.

मुलांची कार्यशाळा येत्या रविवारी सकाळी ९ ते १२, दांडिया बाजारातल्या आपल्या नेहमीच्या जागी. वय ८ ते १४. धाकट्यांना ‘नुसतं बसू दे’ म्हणून पाठवू नका, ती माती खातात.

प्रत्येकाने बुटांचं एक खोकं आणि कॅमेरा चालणारा मोबाइल आणावा, जुना चालेल. चार्ज करून, फ्लाइट मोडवर टाकून. माती मंडळ देईल. बाहुली थोडीथोडी हलवत एकेक फोटो काढायचा, ते भराभर दाखवले की फिल्म. सेकंदाला १२ फोटो धरले तर दहा सेकंदांच्या फिल्मला १२० फोटो लागतात, तेव्हा गोष्ट छोटीच ठेवा. ताटातला लाडू घरंगळत गेला, एवढी पुरे. मागच्या वेळी एकाने थेट पानिपत मांडलं; बारा वाजले तरी घोडा जागचा हलला नव्हता!

पंखे बंद असतील, कारण कागदी बाहुल्या उडतात. खिडक्याही झाकणार; ऊन सरकलं की फिल्म लुकलुकते. रुमाल आणि पाणी द्या.

सुरुवातीला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगू. आपल्याच बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या या माणसाने १९१२ च्या सुमारास कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडंथोडं चित्रण केलं आणि पडद्यावर रोप भराभर वाढताना दाखवलं. मुलांनी आजच मूग भिजत घालून रोज एक फोटो काढावा, रविवारी जोडून पाहू. मोबाइल मात्र दररोज त्याच जागी ठेवायचा. ओट्यावर नको, आई हलवते.

२० पैकी ६ जागा उरल्यात. नावं गुरुवार रात्रीपर्यंत इथेच कळवा.