लॅबमधले मामा, ॲसिडचा तो टब आणि मी

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

शनिवारी तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमात माझ्या हाती माइक आला आणि मी 'मामांचे खूप आभार' एवढंच बोलून खाली बसले. समोर बाकरवडी मांडलेली, सगळ्यांना घाई. राहिलेलं इथे लिहितेय.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मला स्यूडोमोनसला लोहाविना उपाशी ठेवायचं होतं. उपाशी राहिला की हा जंतू पायोव्हर्डिन नावाचा रेणू बाहेर सोडतो. तो रेणू लोह पकडून आणतो आणि यूव्ही दिव्याखाली हिरवट चमकतो. माझे फ्लास्क तीन आठवडे नुसते गढूळ. जंतू मजेत वाढत होते, चमक मात्र नाही. मी माध्यम बदललं, कल्चर बदललं, गाइडची बोलणी खाल्ली. तुम्ही बेसिनपाशी रोज बघत होतात. शेवटी म्हणालात, "पोरी, ॲसिडमधनं काढलेला फ्लास्क परत नळाखाली कशाला धरतेस? पाइपाचा गंज दिसत नाही का?"

दिसत नव्हता, मामा. ॲसिडच्या टबात काचेवरचं लोह निघून जायचं आणि नळाचं पाणी ते परत आणायचं. लिटरमागे मिलिग्रॅमचा अंशभर लोह या जंतूला पुरतं. बसल्या जागी मिळत असताना तो शोधायला कशाला निघेल?

आपलं शरीर तुमच्यासारखंच कडक आहे. रक्तातलं लोह ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन धरून ठेवतं, अश्रूंत आणि आईच्या दुधात लॅक्टोफेरिन. जखम चिघळली की पांढऱ्या पेशी कॅलप्रोटेक्टिन हे आणखी एक प्रथिन ओतून जस्त आणि मँगनीजही आवळून धरतात. पण जंतू बेरकी. या उपासमारीवरूनच काहींना कळतं की आपण माणसाच्या अंगात शिरलोय. पायोव्हर्डिन लोह घेऊन परतलं की तोच इशारा समजून स्यूडोमोनस एक्झोटॉक्सिन ए हे विष बनवू लागतो. घटसर्पाच्या जंतूचं तर सरळ गणित: लोह मुबलक तर विषाचं जनुक बंद, लोह संपलं की चालू. माध्यमात लोह जास्त झालं की विष घटतं, हे १९३६ मध्येच छापून आलंय. लस करायला आधी ते विष लागतं. म्हणजे हडपसरला लशी बनतात तिथेही लोहावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणारं कुणीतरी असणारच. तिथलेही मामा, असं मी मनात म्हणते.

तुमच्या पद्धतीने धुतलेला पहिला फ्लास्क यूव्हीखाली धरला तेव्हा तुम्ही डोकावून म्हणालात, "हा तर उसाचा रस!" त्यानंतर मी गाइडना फोन केला. म्हणजे बातमी आधी तुम्हालाच.

प्रोजेक्ट रिपोर्टच्या आभाराच्या पानावर तुमचं नाव नाही. विभागप्रमुख आहेत, ग्रंथपाल आहेत, मैत्रिणीची मांजरसुद्धा आहे. बाइंडिंग झाल्यावर लक्षात आलं आणि तेव्हापासून ते पान उघडवत नाही.

'नळाचं पाणी शेवटी नको' ही तुमच्या अक्षरातली चिठ्ठी बेसिनवर अजून आहे. चिकटपट्टी सुटत आली होती, काल नवी लावली.

तुमची,
शेवटच्या बेसिनवाली