चोचीत मासे घेऊन तो का ताटकळतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतलं युरोपातल्या समुद्रपक्ष्यांच्या छायाचित्रांचं पान पाहिलं. चोचीत रुपेरी मासे आडवे धरून गवतात उभा असलेला पफिन सुरेख टिपलाय, यात वाद नाही. खालच्या ओळीत मात्र तो ‘जणू फोटोसाठीच थांबलेला’ आहे, असं म्हटलंय. हे पत्र त्या ओळीसाठी.

पफिन किनाऱ्यावरच्या गवताळ उतारावर, बिळात, वर्षाला एकच अंडं घालतो. मेअखेरीपासून पिल्लं बाहेर येऊ लागतात आणि आईबापांच्या समुद्रावर खेपा सुरू होतात. मासे घेऊन उतरलेला पफिन सहसा रेंगाळत नाही, तडक बिळात घुसतो. घास हिसकावायला कुरव (सीगल) टपलेलेच असतात. म्हणून भरल्या चोचीनं इकडेतिकडे बघत उभा असलेला पफिन दिसला, की आधी बघावं, त्याच्या आणि बिळाच्या मधे कोण उभं आहे.

लेकीकडे गेले होते तेव्हा वेल्सच्या स्कोमर बेटावर हे पाहिलं. तिथे ‘द विक’ नावाच्या कड्यापाशी पायवाट थेट बिळांच्या वस्तीतून जाते. वाट सोडू नका, जमीन आतून पोखरलेली आहे, पाय पडला तर बिळाचं छत पिल्लावर कोसळेल, असं तिथली स्वयंसेविका प्रत्येक घोळक्याला बजावत होती. पक्षी वाट ओलांडत असेल तर बाजूला व्हा, हेही सांगत होती. बहुतेक लोक ऐकतही होते. पण मोठमोठ्या लेन्स घेतलेले काहीजण वाटेवरच पोटावर आडवे झाले होते, कारण पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून चित्र छान येतं. एक पफिन उतरला, दोन पावलं पुढे आला, थबकला, उडून समुद्रावर चक्कर मारून परत आला. पुन्हा तेच. शटरचा नुसता कडकडाट चालला होता. शेवटी एका कुरवानं झडप घातली आणि मासे गेले. त्यातल्या एकानं मला कौतुकानं कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. फोटो खरंच अप्रतिम होता!

मी अशा फोटोंच्या विरोधात नाही. ब्रिटनमधल्या ‘आरएसपीबी’ या पक्षिसंस्थेनं 2017 मध्ये लोकांकडून मासे धरलेल्या पफिनचेच फोटो मागवले होते, पिल्लांना काय खाऊ घातलं जातंय ते समजावं म्हणून. फोटो वाटेवरून, चालता चालता काढून पुढे सरकलं तर कुणाचं काही बिघडत नाही. बोटीतून तर फारच छान मिळतात.

कड्यांवरच्या गिलेमॉट या समुद्रपक्ष्याचं आणखी नाजूक. तो घरटंच बांधत नाही. उघड्या कपारीत, पायांवर अंडं सांभाळतो. ड्रोन जवळ गेला आणि थवा एकदम उठला, तर अंडी खाली घरंगळतात. यॉर्कशायरच्या बेम्प्टन, फ्लॅम्बरोच्या कड्यांपाशी एकेकाळी लोक बोटीतून निव्वळ मजेखातर हे पक्षी टिपत, बंदुकीनं. त्याविरुद्ध 1869 मध्ये ब्रिटिश संसदेनं कायदा केला आणि 1 एप्रिल ते 1 ऑगस्ट, म्हणजे विणीच्या दिवसांत, शिकार बंद केली. आज आपल्या सहलींची जाहिरात नेमक्या याच महिन्यांची असते. त्यात 2022 च्या बर्ड फ्लूनं तिथल्या पक्ष्यांच्या वसाहतींची दैना केली. स्कॉटलंडच्या बास रॉक बेटावर गॅनेट हे समुद्रपक्षी हजारोंनी मेले.

माझी मागणी छोटी आहे. विणीच्या काळातलं चित्र छापताना ते कुठून टिपलं – पायवाटेवरून, बोटीतून की हाइडमधून, म्हणजे लपून पक्षी बघायच्या आडोशातून – आणि छायाचित्रकार तिथे किती वेळ थांबला, एवढं खाली द्यावं. सुरयांसारखे पक्षी उघड्या वाळूवर अंडी घालतात. त्यांच्या घरट्याची नेमकी जागा मात्र देऊ नये. वाचकांकडून छायाचित्रं मागवताना अर्जात यासाठी एक रकाना ठेवता येईल. तो कोरा आला, तर चित्र कितीही देखणं असो, बाजूला ठेवावं.

आपली,
एक नियमित वाचक