विमान लेट झालं तर पोटाचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

आम्ही मालवणचे. गेल्या महिन्यात आईला घेऊन बहिणीकडे बेंगळुरूला निघालो तर फ्लाइट साडेतीन तास लेट, काउंटरवर विचारलं तर "टेक्निकल आहे" एवढंच. आईला शुगर आहे, तिला वेळेवर खायलाच लागतं, मग दोघांच्या इडली-चहाचं जे बिल झालं ना तेवढ्यात इथे बंदराजवळच्या खानावळीत बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी आणि वर सोलकढी असं पोटभर जेवण होतं. नंतर कळलं की डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियमच आहे, अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला दोन तासांच्या वर उशीर झाला तर वेळेत चेक-इन केलेल्यांना खाणं कंपनीनेच द्यायचं. आम्हाला कोणी सांगितलंच नाही हो! गेटजवळ मराठीत बोर्ड लावायला कितीसा खर्च येतो?

कोलकाता विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये उडान यात्री कॅफे सुरू झाला, चहा १० रुपये, समोसा २०. तसा आमच्या चिपीच्या सिंधुदुर्ग विमानतळावर पण पाहिजे. गणपतीत, मे महिन्यात चाकरमानी म्हातारी माणसं नि पोरं घेऊन येतात, त्यांचे फार हाल होतात. तुम्ही हा नियम पेपरात ठळक छापा, एवढीच विनंती.

— एक प्रवासी, मालवण