मोतीबिंदू ‘पिकण्या’ची वाट कॉर्नियाला महाग पडते

महोदय,

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी घरोघरी चर्चा होते ती बसवायच्या कृत्रिम भिंगाची: देशी की परदेशी, किंमत किती. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, याच्या आतल्या पेशींची चौकशी मात्र क्वचितच कोणी करते. प्रौढ माणसात या पेशींचा एकच थर असतो आणि दर चौरस मिलिमीटरला त्या साधारण २५०० ते ३००० असतात. कॉर्नियात झिरपणारे पाणी सतत बाहेर काढून तो पारदर्शक ठेवणे हे त्यांचे काम. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येत नाहीत. उरलेल्याच पसरून ती जागा भरतात. त्यांची संख्या ५०० च्या आसपास घसरली की कॉर्निया सुजून धूसर होतो आणि भिंग उत्तम बसूनही रुग्णाला दिसत नाही. मग बहुधा प्रत्यारोपणाचाच मार्ग उरतो, आणि त्यासाठी नेत्रदानाची वाट पाहावी लागते.

म्हणूनच ‘अजून पिकू द्या’ हा गावोगावी आजही ऐकू येणारा सल्ला मला घातक वाटतो. जुन्या पद्धतीच्या काळात त्याला काही अर्थ होता. आज फेको शस्त्रक्रियेत अल्ट्रासाउंडच्या साहाय्याने डोळ्यातल्या मूळ, मोतीबिंदू झालेल्या भिंगाचे तुकडे करून ते ओढून घेतले जातात. भिंग जितके तपकिरी आणि टणक, तितकी अधिक ऊर्जा लागते आणि कठीण तुकडे कॉर्नियाच्या आतल्या बाजूवर आदळण्याचा धोकाही वाढतो. शस्त्रक्रियेत वापरले जाणारे घट्ट, चिकट जेल या पेशींवर संरक्षक थर धरते आणि कुशल सर्जन उपकरणाचे टोक कॉर्नियापासून दूर ठेवतो. अतिशय टणक मोतीबिंदूत फेकोऐवजी हाताने अखंड गाभा काढण्याची पद्धत निवडणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. तिला कमी दर्जाची समजू नये.

पेशी मोजणारी स्पेक्युलर मायक्रोस्कोपी डोळ्याला सुई न लावता काही मिनिटांत होते. सरसकट सर्वांची नाही, तरी ज्यांचा मोतीबिंदू टणक आहे, ज्यांच्या डोळ्याला पूर्वी मार लागला आहे किंवा शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांना सकाळी उठल्यावर अधिक धूसर दिसते आणि ज्यांचा एकच डोळा कामाचा आहे, त्यांची ही तपासणी मोफत शिबिरांतही व्हावी. यंत्र शिबिरात नसेल, तर अशा रुग्णांना आधी जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे आणि पेशींची संख्या त्यांच्या केसपेपरवर नोंदवावी, अशी आरोग्य विभागाला माझी विनंती आहे.

– एक निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी, सातारा