पोकरमध्ये बटणावर (पाने वाटणाऱ्याच्या जागेवर) बसून पाने निवडायला शिकवणाऱ्या दादांस

लातूर

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकट्याला न पाठवता सर्वांसमोर लिहीत आहे. तीन पत्तीवर वाढलेल्या आपल्या मराठवाड्यातल्या मुलांना तुमची शिकवण उपयोगी पडेल आणि ती कोणाकडून मिळाली हेही त्यांना कळावे, असे मला मनापासून वाटते. तुमचे नाव छापलेले तुम्हाला आवडणार नाही हे ठाऊक असल्याने केवळ 'दादा' म्हणतो.

गोव्यातल्या कॅसिनोत कित्येक वर्षे पाने वाटून तुम्ही गावी परतलात आणि गंजगोलाईजवळच्या तुमच्या गच्चीवर आम्हा पाच जणांना पोकर (प्रत्येकाच्या हाती दोन झाकलेली पाने आणि मध्ये सर्वांसाठी उघडली जाणारी पाच) शिकवू लागलात. पैशाऐवजी चिंचोके ठेवण्याची अट तुम्ही पहिल्याच दिवशी घातली होती. प्रत्येकाला दोनशे चिंचोके, आणि बटणानंतरच्या दोघांनी पाने पाहण्याआधीच भरायचे ब्लाइंड : स्मॉल ब्लाइंड एक आणि बिग ब्लाइंड दोन. संपले तर पुन्हा दोनशे घ्यायचे, पण ते वहीत मांडायचे. चिंचोक्यांचा असला तरी हा कॅश गेमच आहे, हे तुम्ही आम्हाला समजावून दिलेत. स्पर्धेत ब्लाइंड वाढत जातात आणि थांबून राहणाऱ्याला घाई करावी लागते. इथे ते वाढत नाहीत. सहा जणांच्या एका फेरीत, म्हणजे सहा डावांत, प्रत्येकाचे ब्लाइंडचे मिळून तीनच चिंचोके जातात, म्हणजे एका डावाला सरासरी अर्धा चिंचोका. तेव्हा पाने टाकून देणे किती स्वस्त आहे, हे मला या हिशेबाने पहिल्यांदा पटले.

माझी चूक तुम्हाला आठवत असेल. सुरुवातीला मी कोणत्याही जागेवरून सारखीच पाने खेळत असे. फ्लॉपनंतर (मधली पहिली तीन पाने उघडल्यावर) बटणावरचा खेळाडू प्रत्येक फेरीत सर्वांत शेवटी बोलतो, त्यामुळे त्याला इतरांची चाल आधी दिसते, हे तुम्ही सांगितल्यावर मी उलट टोकाला गेलो आणि बटणावर किंवा त्याच्या उजवीकडच्या कटऑफवर बसलो की हाती येईल ते खेळू लागलो. माझे वडील आडत्या आहेत हे तुम्हाला ठाऊक होते. म्हणून तुम्ही मला मोंढ्यातला सौदा आठवायला सांगितलात. बाकीच्यांचे भाव ऐकून मग बोलणारा खरेदीदार फायद्यात असतो, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे : "शेवटी बोललं म्हणून ओलं सोयाबीन वाळत नसतंय."

ती वही ठेवायला तुम्हीच लावलीत, आणि मी सर्वाधिक ऋणी आहे तो तिच्यासाठी. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मी ज्या डावात चिंचोके घातले त्या प्रत्येक डावाची नोंद केली : जागा कोणती, पाने कोणती, माझ्या आधी पॉटमध्ये (मध्ये जमणाऱ्या चिंचोक्यांत) कोण आले होते आणि माझ्या मागे कोण उरले होते. शेवटचे दोन रकाने मला निरुपयोगी वाटत होते. संक्रांतीनंतर आपण दोघे ती वही घेऊन बसलो, तेव्हा माझे नुकसान कुठून होत होते ते नेमके त्याच दोन रकान्यांतून दिसले. बटणावर मी हरत नव्हतो. बटणावर, पण दुसऱ्याने आधीच रेज केलेला (बोली वाढवलेली) असताना, मी हरत होतो.

त्यातला एक डाव मी अजून विसरलो नाही. पहिल्या जागेवरच्या, म्हणजे फ्लॉपआधी सर्वांत आधी बोलणाऱ्या, अत्यंत सावधपणे खेळणाऱ्या आपल्या मित्राने रेज केला होता आणि मी बटणावर बदामचा राजा आणि किलवरचा गुलाम घेऊन कॉल केला (त्याच्याइतकेच चिंचोके भरले). फ्लॉपवर राजा, अठ्ठी आणि तिर्री आली. मी शेवटपर्यंत कॉल करत गेलो आणि त्याने एक्का-राजा दाखवला. मी नशिबाला बोल लावू लागलो, तेव्हा तुम्ही शांतपणे विचारलेत, "राजा आला म्हणून खूश व्हायलास, पण तुझ्याहून हलकं पान घेऊन शेवटपर्यंत कोण थांबणार हाय, ते सांग की." पहिल्या जागेवरून सहा जणांच्या टेबलावर शंभरांतले जेमतेम पंधरा-अठरा हात खेळणाऱ्या माणसाकडे राजा असेल तर त्याच्या जोडीला बहुतेक वेळा एक्का किंवा राणी असते, आणि एक्का-राजापुढे राजा-गुलाम साधारण चारांतून तीन वेळा हरतो. मोठा पॉट झाला की तो माझा नसणार, हे पाने उचलतानाच ठरलेले होते. त्याच जागी पंजीची जोडी असती आणि दोघांसमोर पुरेसे चिंचोके असते तर कॉल समजण्यासारखा होता. फ्लॉपवर तिसरी पंजी साधारण साडेआठ वेळांत एकदाच येते, पण आली की आपल्याकडे तीन पंज्या झाल्या हे कोणाला दिसत नाही आणि समोरचा एक्का-राजा सहजासहजी सोडत नाही.

त्याच रात्री तुम्ही मला मोजायला लावलेत. दोन पानांचे एकूण १,३२६ संच होतात. त्यांत एका रंगाचे राजा-गुलाम चारच, वेगवेगळ्या रंगांचे मात्र बारा. म्हणजे "मी राजा-गुलाम खेळतो" असे मी म्हणायचो तेव्हा चारांतून तीन वेळा दुबळी बाजूच खेळत होतो. रंगाचेही कौतुक तुम्ही मर्यादेतच ठेवलेत : एका रंगाची पाने असली तरी फ्लॉपवर पुरा रंग (एकाच रंगाची पाच पाने) शंभरात एकदाही भरत नाही, पण एका पानाची उणीव असलेला रंग शंभरात सुमारे अकरा वेळा मिळतो, आणि शेवटी बोलणाऱ्याला त्याच्या जोरावर पॉट पुढे रेटता येतो.

सगळे आपल्यापर्यंत पाने टाकत आले तर गोष्ट निराळी, हे तुम्ही तितक्याच आग्रहाने शिकवलेत, नाहीतर मी पुन्हा भित्रा झालो असतो. तेव्हा कटऑफवरून शंभरांतले पंचवीस-तीस हात आणि बटणावरून चाळीस किंवा त्याहून थोडे अधिक हात रेज करून उघडता येतात, कारण बटणामागे दोन ब्लाइंडच उरलेले असतात (कटऑफमागे त्यांच्याखेरीज बटणही) आणि ब्लाइंडनी कॉल केला तरी पुढे त्यांना आपल्या आधी बोलावे लागते. तीन चिंचोक्यांसाठी पाच घातले, तर आठांतून पाच वेळा दोघांनीही पाने टाकली की बरोबरी होते. त्याहून अधिक वेळा टाकली तर हाती काय आहे याला त्या क्षणी महत्त्व उरत नाही. आपल्या गच्चीवर मात्र ब्लाइंडमधले दोघे काही केल्या पाने टाकत नाहीत. म्हणून राणी-छक्कीसारखी पाने घेऊन त्यांचे ब्लाइंड उचलायला जाऊ नये, कॉल झाल्यावरही तग धरणारी पाने घ्यावीत, असे तुम्ही बजावलेत. एक्क्यासोबत त्याच रंगाचे लहान पान, दश्शी-नव्वी एका रंगाची, सत्तीची जोडी, राजा-राणी ही ती पाने. कोणी नुसता बिग ब्लाइंड भरून आत आला असेल तर रेज थोडा वाढवावा, आणि मागच्याकडे मोजकेच चिंचोके उरले असतील तर दश्शी-नव्वीपेक्षा मोठ्या पानांना अधिक मान द्यावा, हेही तुमच्याकडूनच शिकलो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, तेव्हा मोबाइलवर खेळणाऱ्या माझ्या दोन मित्रांना मी तुमच्या गच्चीवर घेऊन आलो. तुम्ही त्यांनाही दोनशे चिंचोके आणि एक कोरी वही दिलीत, कसलाही मोबदला न घेता, रात्री दहापर्यंत त्यांच्या शेजारी बसून. त्यांच्या वतीनेही मी आपले आभार मानतो.

माझी दुसरी वही आता भरली आहे. तिच्यात एक डाव लाल शाईने खुणावून ठेवला आहे : बटणावर माझ्याकडे इस्पिकची एक्का-पंजी, माझ्या रेजवर स्मॉल ब्लाइंडने पुन्हा रेज केला आणि मी कॉल केला. पुन्हा रेज करायला हवा होता की काय, यावर माझे अजून ठरत नाही. शनिवारी संध्याकाळी वही घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
गच्चीवरचा विद्यार्थी