रात्रीचे २.४०

प्रिय दोस्ता,

आठ महिन्यांत तुझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही. रागावला असशील, तुझा हक्कच आहे. तब्येत तशी ठीक.

तुलाच लिहितोय, कारण अण्णांच्या त्या रात्री रिक्षा तू चालवत होतास आणि त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. यंदा मला ४७वं लागलं. अण्णा ४७चेच होते ना रे! जूनपासून छातीत धडधड सुरू झालीय. मधेच एक ठोका चुकतो, आत पोकळी पडते आणि पुढचा ठोका दणकन बसतो. ईसीजी, टू-डी इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल. मग २४ तासांचा होल्टर लावला. छातीवर चिकटपट्ट्या, कमरेला डबी, आणि काय जाणवलं ते वेळेसकट लिहायला एक कागद. रात्री २.४०ला मी लिहिलं, "आता काही खरं नाही." ओठांना मुंग्या, हात बधिर. हिला उठवलं. रिपोर्टात त्या वेळी ठोके ११२, पण लय सरळ. चुकार ठोके सापडले ते संध्याकाळी, पोरीचं गणित घेत होतो तेव्हाचे. मला कळलेही नव्हते! डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं: एक ठोका वेळेआधी पडतो, मग जरा थांबा येतो, तेवढ्यात हृदयात जास्त रक्त भरतं, म्हणून पुढचा जोरात जाणवतो. मुंग्या आल्या त्या भीतीने भराभर श्वास घेतल्यामुळे.

सगळं पाठ आहे रे. तरी दिवा घालवला की बोटं मनगटावर जातातच. चहा दोन कपांवर आणलाय. (टपरीवरची तुझी उधारी मात्र मीच फेडली होती, विसरू नकोस.)

मानसोपचारतज्ज्ञांकडे जातोय. परवा त्यांना ती रात्र सांगताना आपलं भांडण बाहेर पडलं. "भिडे पुलावरून नेली असतीस तर पाच मिनिटं वाचली असती," असं तेराव्याला मी तुला सगळ्यांदेखत बोललो. खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं, पूल पाण्याखाली होता. मला तेव्हाही माहीत होतं. तू काही बोलला नाहीस, खाली मान घालून पत्रावळी उचलत राहिलास. ती मान मला रोज दिसते. चुकलो रे मी.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? घराचा स्लॅब टाकून झाला म्हणे, छान.

शनिवारी रात्री फोन करतो. उचल.

तुझाच