गर्भपाताच्या रुग्णाशेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थिनी : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : परिचर्येच्या (नर्सिंगच्या) विद्यार्थ्यांना गर्भपात सेवेचे प्रत्यक्ष प्रशिक्षण देण्याबाबत

महोदय,

मी पुण्यात 22 वर्षे परिचर्या महाविद्यालयात पाठ्यनिर्देशिका (शिक्षिका) म्हणून काम करीत आहे. गेल्या पावसाळ्यात प्रसूतिशास्त्राच्या पोस्टिंगवर असलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीसमोर, नऊ आठवड्यांचा गर्भ नको म्हणून आलेल्या तिशीच्या बाईला, ‘नवऱ्याची सही आणल्याशिवाय केसपेपर पुढे जाणार नाही’ असे सांगून परत पाठवण्यात आले. सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी तिच्या एकटीची संमती पुरते, हे त्याच विद्यार्थिनीने आठ दिवसांपूर्वी चाचणी परीक्षेत बिनचूक लिहिले होते आणि मी तिला पूर्ण गुण दिले होते. मग तू बोलली का नाहीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, “मॅडम, पुस्तकात तसं आहे, पण वॉर्डात असंच चालतं ना.”

तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिसऱ्या वर्षाची मुलगी परिसेविकेला (वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरला) सर्वांदेखत कायदा ऐकवील, अशी अपेक्षा आपल्या रुग्णालयांची उतरंड ठाऊक असलेला कोणीही धरणार नाही. परंतु त्या दिवशी ती जे शिकली ते माझ्या वर्गातील तासापेक्षा पक्के बसले असणार, ही माझी खरी चिंता आहे.

या मुलामुलींचे गर्भपाताविषयीचे मत कॉलेजात येण्यापूर्वीच तयार झालेले असते. त्यांचे बालपण ‘लेक वाचवा’ची भित्तिपत्रके आणि पथनाट्ये पाहण्यात गेले. 2017 साली सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे 19 भ्रूण पुरलेले सापडले, तेव्हा ही मुले शाळेत होती आणि ती बातमी त्यांच्या मनावर कोरली गेली आहे. गर्भलिंग निवडीविरुद्धची ही जागृती आवश्यकच होती. 1988 साली देशात सर्वप्रथम असा कायदा करणाऱ्या राज्याला तिचा अभिमानही वाटावा. मात्र त्या प्रचारातून ‘भ्रूणहत्या’ हा शब्द सगळ्याच गर्भपातांना चिकटला. पहिल्या तासाला मी वर्गाला विचारते की आपल्या देशात गर्भपात कायदेशीर आहे का. बहुतेक हात खालीच राहतात. 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा आणि 1994 चा गर्भलिंग निदानविरोधी कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक स्त्रीला सेवा मिळावी म्हणून आहे आणि दुसरा गुन्हा रोखण्यासाठी, हे समजावण्यात माझा अर्धा तास जातो. एका विद्यार्थिनीच्या मावशीला मुलगा हवा म्हणून दोनदा ‘पिशवी खाली’ करायला लावली होती. गर्भपात हा शब्द ऐकला की तिच्या डोळ्यांसमोर मावशीच येते. तिला मी कोणत्या तोंडाने म्हणावे की तुझे मत चुकीचे आहे? मावशीला कोणी विचारले नाही आणि समोरच्या बाईने स्वतः ठरवले आहे, हा फरक तिला दिसावा, एवढाच माझा प्रयत्न असतो, आणि त्याला एक तास पुरत नाही.

माझेही सांगते, नाहीतर हे पत्र उंटावरून शेळ्या हाकल्यासारखे होईल. 1996 साली मी विद्यार्थिनी असताना माझ्या वाट्याला एक अविवाहित मुलगी आली होती. तिची नाडी आणि रक्तदाब मी वेळेवर लिहिला, पण तिच्याशी एक शब्द बोलले नाही आणि तिने दुखते आहे असे दोनदा सांगूनही डॉक्टरांना कळवायला मुद्दाम उशीर केला. मला तसे करण्यास कोणी सांगितले नव्हते. वॉर्डातील सगळ्या तिच्याशी ज्या नजरेने वागत होत्या, ती नजर मी उचलली होती. नकार देणारी परिचारिका निदान कोणाच्या तरी लक्षात येते. पण सेवा देत देत शिक्षा करणारी माझ्यासारखी विद्यार्थिनी कोणत्याच नोंदवहीत सापडत नाही.

कायदा त्यानंतर बराच पुढे गेला आहे. 2021 च्या दुरुस्तीने 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे मानले आणि गर्भनिरोधक निकामी ठरल्याच्या कारणात ‘पती’ऐवजी ‘जोडीदार’ हा शब्द आणला. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही विशिष्ट गटांतील स्त्रियांना 20 ते 24 आठवड्यांदरम्यान गर्भपाताची मुभा देणाऱ्या तरतुदीत अविवाहित स्त्रियांनाही सामावून घेतले. स्त्रीचे नाव अनधिकृत व्यक्तीला सांगणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. तरीही जेवणाच्या सुट्टीत ‘सात नंबरची कोणत्या गावची’ याची चर्चा चालते आणि दीपप्रज्वलनाच्या दिवशी हातात दिवा धरून गोपनीयतेची शपथ घेतलेल्या मुली ती ऐकत असतात.

प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही. 2015 सालच्या परिस्थितीवर ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात त्या वर्षी सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले आणि त्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश आरोग्य संस्थेबाहेर, गोळ्या घेऊन झाले. या स्त्रिया संस्थेत का येत नाहीत, याची कारणे अनेक असतील, परंतु वॉर्डातील तोंडे हे त्यांतील एक आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. सलग दोन तास दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील तर ताबडतोब परत यायचे, ही गोष्ट बाईला घरी जाण्यापूर्वी समजावून सांगायची असते आणि हे काम बहुधा परिचारिकेकडेच येते. जिला ओशाळवाणे करून घरी पाठवले, ती रक्तस्राव वाढला तरी परत यायला धजणार नाही.

अभ्यासक्रम दिल्लीतील भारतीय परिचर्या परिषद ठरवते, त्यामुळे तो बदलावा अशी माझी मागणी नाही. विभागाच्या एका परिपत्रकाने होण्यासारखे काम मी मागत आहे. स्त्रीरोग कक्षातील पोस्टिंगपूर्वी प्रत्येक तुकडीला निदान एक पूर्ण दिवस मोकळ्या चर्चेसाठी द्यावा, ज्यात गुण नसतील, हजेरीची धास्ती नसेल आणि ‘मला हे पाप वाटते’ असे म्हणणाऱ्या मुलीलाही बोलता येईल. त्यानंतर प्रत्येक विद्यार्थ्याने किमान एका स्त्रीसोबत, तिच्या परवानगीने, समुपदेशनापासून घरी जाईपर्यंत राहावे. प्रक्रिया डॉक्टरांनीच करायची आहे, पण तिच्या आधीची भीती आणि नंतरच्या कळा परिचारिकेच्याच वाट्याला येतात. (मुलग्यांना प्रसूतिकक्षाच्या दाराबाहेर उभे करून त्यांची केसबुके मैत्रिणींच्या वहीवरून भरून घेण्याची प्रथाही या निमित्ताने बंद झाली तर बरे.) आणि हीच चर्चा परिसेविकांसाठीही ठेवावी, कारण विद्यार्थिनी आमच्यापेक्षा त्यांच्याकडूनच अधिक शिकतात.

सर्वांत अवघड मुद्दा नकाराचा आहे आणि त्यावर विभागाने लेखी भूमिका घ्यावी, असे मला वाटते. ब्रिटनच्या 1967 च्या कायद्यात श्रद्धेपोटी गर्भपातात भाग न घेण्याची मुभा आहे, मात्र स्त्रीचा जीव धोक्यात असेल तेव्हा ती लागू होत नाही. आणि 2014 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ग्लासगोच्या दोन मिडवाइफच्या (प्रसूती सेवेतील परिचारिकांच्या) प्रकरणात ही मुभा प्रत्यक्ष प्रक्रियेपुरतीच आहे, देखरेख किंवा कर्मचाऱ्यांच्या नेमणुकांसारख्या कामाला नाही, असे स्पष्ट केले. आपल्या 1971 च्या कायद्यात याविषयी काहीच म्हटलेले नाही. परिणामी नकार चोरून दिला जातो : कोणी त्या दिवशी आजारी पडते, कोणी ड्यूटी बदलून घेते, कोणी बाईकडे पाठ फिरवते. विद्यार्थिनीला प्रक्रियेच्या वेळी हजर न राहण्याची विनंती उघडपणे करता यावी. मात्र वेदना, रक्तस्राव, गोपनीयता आणि बोलण्यातील आदर यांत कोणालाही सूट नसावी. माझे काही सहकारी म्हणतील की एवढी मुभा दिली तर कोणीच उभे राहणार नाही. माझा अनुभव उलट आहे. ज्या मुलीचे म्हणणे ऐकून घेतले गेले, ती बहुधा आत जाते.

याच पुण्यात 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी गरोदर विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तो गर्भपाताचा प्रश्न नव्हता, हे मी जाणते. पण दारात आलेल्या बाईला दूषण न देता आत घेण्याचा होता, आणि 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या आमच्या महाविद्यालयांनी तेवढे तरी घ्यावे.

सहाव्या सत्राची पुढील तुकडी लवकरच प्रसूतिशास्त्राच्या पोस्टिंगला निघेल. परिपत्रक त्यापूर्वी निघाले तर या 40 मुलामुलींपासून सुरुवात करता येईल. मसुदा तयार करण्यासाठी माझी मदत लागल्यास सुट्टीच्या दिवशीही मंत्रालयात येण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक पाठ्यनिर्देशिका, पुणे